ऑफरोडिंग ट्रॅकला परवानगी नक्की कुणाची? तातडीने मदत हवी

चिखलगाडी
मंडळी, जरा पटकन सांगा. आमचा ग्रुप आहे, दहा-बारा गाड्या, सगळ्या फोर बाय फोर. पठारावर ऑफरोडिंगला, म्हणजे रस्ता सोडून गाडी चालवायला, ट्रॅक हवाय, तोही रीतसर. फॉरेस्टवाले म्हणतात जागा महसूलची. तहसीलला गेलो तर आधी वनविभागाचा ना हरकत दाखला आणा म्हणे. ग्रामपंचायतीचा ठराव हातात आहे. रविवारी राइड ठरलीय, मुंबईहून लोक निघतायत. अर्ज कुणाच्या नावे करू? कुणाकडे मसुदा असेल तर इथेच टाका.

सातबारावाला
कुठलं पठार? तालुका, गाव, गट नंबर? सातबाऱ्यावर काय आहे, वन, गायरान की कुणाचं नाव?

चिखलगाडी
पाटण तालुका. गायरानच असावं, गुरं चरतात तिथे.

सातबारावाला
गुरं राखीव वनातही चरतात हो. उतारा काढा. आणि खरंच गायरान निघालं तरी नुसत्या ठरावावर भागत नाही. जमीन सरकारची, निर्णय जिल्हाधिकाऱ्यांचा. 2011 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर गायरान दुसऱ्या कामाला द्यायला कुणी सहज तयार होत नाही. मालकाचं नाव दिसलं तरी फेरफार बघा. वन कायद्याच्या कलम 35(3) ची जुनी नोंद निघाली की खाजगी वनाचं प्रकरण सुरू.

मड_टेरेन
एवढं कशाला? सकाळी सहाला चढा, दहाला खाली. टायरमधली हवा अठरा पीएसआयपर्यंत उतरवा, लॅटराइटवर, म्हणजे जांभ्या खडकावर, मस्त पकड मिळते. आम्ही कधी कुणाला विचारलं नाही.

सड्यावरची
म्हणूनच सगळ्यांना बंदी होते. सड्यावर, म्हणजे अशा खडकाळ पठारावर, माती बोटभर, तीही पावसात भिजलेली. एकदा चाक फिरलं की चर पडतो आणि पुढच्या पावसात पाणी त्याच चरातून वाहतं. सीतेची आसवं, गेंद, ही सगळी फुलं त्या बोटभर मातीतच उगवतात.

मड_टेरेन
फुलं बघायला हजारो माणसं येतात तेव्हा कुठे असता तुम्ही?

सड्यावरची
कासला कुंपण आणि तिकीट त्यामुळेच आलं. वनविभाग आणि गावांच्या समित्या मिळून चालवतात ते. तुम्ही कुणाबरोबर मिळून काय चालवता?

निवृत्त_वनपाल
भांडू नका. पाटण म्हणजे कोयना अभयारण्य जवळ. हद्दीच्या आत असाल तर वन्यजीव कायद्याचं कलम 27, परवान्याशिवाय पाऊल टाकता येत नाही. बाहेर राखीव वन असेल तर 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 26. चिखलगाडी, पठारावर रस्ता आधीपासून आहे की नवा पाडणार?

चिखलगाडी
आहे ना. पवनचक्क्यांसाठी केलेला कच्चा रस्ता. त्यावरूनच वर जायचं, मग बाजूला मोकळं आहे.

निवृत्त_वनपाल
हे पहिल्याच पोस्टीत सांगायचं होतं! तो रस्ता वनजमिनीवर असेल तर मंजुरी 1980 च्या वन संवर्धन कायद्याखाली, ज्या कामासाठी जमीन दिली त्याच कामापुरती. त्यावर तुमचा हक्क येत नाही, आणि ती मोकळी बाजू तर अजिबात नाही.

सॅक्रामेंटोकर
आमच्याकडे कॅलिफोर्नियात 1971 पासून कायदा आहे. ऑफरोड गाड्यांची फी आणि इंधनकराचा काही वाटा वेगळ्या निधीत जातो, त्यातून फॉरेस्ट सर्व्हिसला (केंद्राचा वनविभाग) आणि काउंट्यांना (आपल्याकडचे जिल्हे) अनुदान. राष्ट्रीय वनांत 2005 च्या नियमानुसार नकाशात दाखवलेल्याच वाटेवर गाडी. रुबिकॉन ट्रेल या इथल्या ऑफरोड वाटेवर वाट काउंटीची, भोवतीचं रान फॉरेस्ट सर्व्हिसचं. तेल, गाळ आणि माणसांची घाण पाण्यात जाते म्हणून 2009 मध्ये पाण्याच्या प्रदूषणावर लक्ष ठेवणाऱ्या जलमंडळाने दोघांनाही एकाच आदेशात पकडलं. त्यानंतर टोलवाटोलवीला जागा उरली नाही.

मड_टेरेन
रुबिकॉन काय पाटणात आणायची का आता?

सातबारावाला
नाही, पण एकाच कागदात दोघांना पकडायचं ते बरोबर आहे. चिखलगाडी, एकच अर्ज करा, उपवनसंरक्षक आणि प्रांत दोघांच्या नावे, प्रत ग्रामपंचायतीला. परवानगी मागू नका, संयुक्त स्थळपाहणी मागा. तलाठी, मंडळ अधिकारी आणि वनरक्षक एका दिवशी जागेवर आले की हद्द कुणाची ते पंचनाम्यात येतं. वाद राहिलाच तर भूमी अभिलेखकडून मोजणी. पोच घ्यायला विसरू नका.

निवृत्त_वनपाल
पावसाळ्यानंतरचीच तारीख मागा. आणि राइड त्या रस्त्यापुरतीच ठेवा, मोकळ्या जागेचा हट्ट सोडा.

चिखलगाडी
मोजणी म्हणजे महिने गेले. रविवारचं काय?

सड्यावरची
रविवारी एखाद्या शेतकऱ्याच्या नांगरून रिकाम्या ठेवलेल्या रानात भाडं देऊन चालवा. सातबारा बघून.

थारप्रेमी
विषय निघालाच आहे तर, जिम्नी गाडीला उंची वाढवणारं लिफ्ट किट बसवलं तर आरटीओ अडवतं का? साताऱ्यात कुणी करून घेतलंय?