जुन्या घराचं चुन्याचं छत: पाडावं की वाचवावं? सल्ला हवा आहे

आमच्या दिवाणखान्याचं छत लाकडी पट्ट्यांवर केलेल्या चुन्याच्या गिलाव्याचं आहे, कडेनं नक्षी आहे. मधोमध केसासारख्या भेगा आधीपासून होत्या. आता एका कोपऱ्यात परातीएवढा फुगवटा आलाय आणि तिथेच पिवळट डाग दिसतोय. एक कारागीर म्हणतो, सगळं पाडून जिप्सम बोर्ड लावा. दुसरा म्हणतो, पुट्टी भरून रंग मारून देतो. मला हे छत वाचवायचंय. सुरुवात कुठून करू?

प्रतिसाद १
पुट्टीवाल्याला आधी थांबवा. भेग दिसते खाली, पण दुखणं असतं वर. असं छत करताना ओला गिलावा पट्ट्यांमधल्या फटींतून दाबून वर काढतात. तो पट्ट्यांच्या मागे पसरून वाळला की त्याचे आकडे तयार होतात आणि सगळं छत त्या आकड्यांवर लटकतं. पाणी झिरपलं, खिळे गंजले किंवा वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं धक्के बसले की आकडे तुटतात. मग गिलावा पट्टी सोडतो.

तळहात सपाट ठेवून हलकेच वर दाबून बघा. टणक लागलं तर ती नुसती भेग आहे. दबून परत खाली आलं किंवा बोटानं वाजवल्यावर पोकळ आवाज आला, तर पकड सुटली आहे. मात्र हे फुगवट्याखाली उभं राहून करू नका. इंचभर जाडीचा चुन्याचा गिलावा चौरस मीटरला साधारण ४० किलो भरतो. तिथे आधी प्लायवूड लावून खालून टेकू द्या.

प्रतिसाद २
आमच्याकडे असंच सुटलेलं छत न पाडता वाचलं, म्हणून लिहितेय. सुटलेल्या भागात थोड्या थोड्या अंतरावर बारीक भोकं पाडली, आतली धूळ व्हॅक्यूमनं ओढून घेतली (हे टाळलं तर गोंद धुळीलाच चिकटतो), मग अ‍ॅक्रिलिक गोंद आत सोडला आणि प्लायवूडनं दाबून टेकू देऊन पूर्ण वाळेपर्यंत हात लावला नाही. जिथे गोंदाचा भरवसा नव्हता तिथे भोकांच्या चकतीसारखे वॉशर घालून स्क्रू पिळले, शक्यतो थेट वाशांत. स्क्रू हळूहळू आवळायचा, एकदम आवळला तर गिलावा तडकतो. हातोडी तर नकोच, तिच्या धक्क्यानं शेजारचे धड आकडेही जातात.

वरची फळी काढता येत असेल तर नक्की काढून बघा. आकडे जागेवर आहेत की तुकडे होऊन पडलेत, ते तिथून स्पष्ट दिसतं.

प्रतिसाद ३
वरच्या दोघांशी सहमत. भर घालताना मात्र सिमेंट वापरू देऊ नका. ते चुन्यापेक्षा कडक असतं आणि ओल अडवून धरतं, त्यामुळे नवी भेग कडेच्या जुन्या गिलाव्यात पडते. मोठा तुकडा पडला असेल तर चुना, वाळू आणि केस किंवा तंतू यांचं मिश्रण पातळ थरांत चढवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही. सुरुवातीचे काही दिवस पाणी शिंपडून ओलसर ठेवा. वरून प्लास्टिक रंगही नको.

आणि खरवडण्याआधी जुना रंग तपासून घ्या. त्यात शिसं असू शकतं, खडबडीत नक्षीच्या लेपात अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकतं. तपासणीचा निकाल येईपर्यंत कोरडं घासकाम नाही, आणि मुलांना त्या खोलीत जाऊ देऊ नका.

धागाकर्ती
सगळ्यांचे मनापासून आभार. आज बाजूला उभं राहून दाबून पाहिलं. मधल्या भेगा टणक आहेत, कोपरा मात्र हातभर रुंदीत दबतो. टेकू लावला. वरची फळी उचलली तर खाली पाइपचा सांधा ठिबकताना सापडला, आजूबाजूच्या पट्ट्याही ओल्या आहेत. आधी तो सांधा दुरुस्त करते, पट्ट्या पूर्ण वाळू देते आणि मगच गोंदाचं काम काढते. पाडायला सांगणाऱ्यांना नकार कळवलाय.