मदत हवी आहे : मोठ्या चेनसॉचा काप उजवीकडे वळतोय

राम राम मंडळी. कोल्हापुरात राधानगरी रोडला वादळात आडवी झालेली चिंच तोडतोय. बुंधा साधारण 120 सेंमी. मशीन 121 सीसीचं, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) 36 इंची, चेन .404 इंच पिचची (कड्यांमधल्या अंतराचं माप), गेज (चेनच्या खाचेत बसणाऱ्या खालच्या दातांची जाडी) 1.6 मिमी. एका बाजूनं पुरत नाही म्हणून दोन्हीकडून कापतो, पण काप सरळ जातच नाही. निम्म्यात येईपर्यंत चार-पाच सेंमी उजवीकडे सरकतो, दोन्ही काप मध्ये मिळत नाहीत आणि बार अडकून बसतो.

आधी वाटलं खिळा लागून डावे दात बोथट झाले. 5.5 मिमीच्या गोल कानशीनं सगळे दात सारख्या लांबीचे केले, डेप्थ गेज (दातापुढचा उंचवटा) दाताच्या टोकापेक्षा 0.8 मिमी खाली आणला. मग कोरी चेन घातली, तरी तेच. बार उलटवूनही फरक नाही. तेल टोकापर्यंत येतंय, ताणही बरोबर आहे.

शेवटी बार काढून काचेवर कडेनं उभा केला, गुण्या लावला. दोन्ही कडांवर एकेक रेल (चेनच्या खाचेची बाजूची भिंत) खाली घासलीय, बार कलतो. खाचेत चेनही बोटानं दोन्हीकडं हलते.

परवानगी, हेल्मेट, चॅप्स (पायांचं संरक्षक आवरण) सगळं आहे. नवा बार परवडेल, पण इथं मिळत नाही, मागवायला आठवडा जाईल आणि रस्ता तोवर अर्धा बंद.

उद्यमनगरात सरफेस ग्रायंडरवर (सपाट घासणाऱ्या मशीनवर) रेल सपाट करून घेतली, तर खाच उथळ होऊन चेनचे खालचे दात तळाला टेकणार नाहीत ना? आणि रुंदावलेली खाच कुणी ठोकून बसवलीय का, ती टिकते का?