मदत हवी आहे: सासूबाईंच्या आजारपणासाठी माझी सिक लिव्ह वापरता येते का? (कॅलिफोर्निया)

सायली२१

जरा घाईत लिहितेय, चुका पोटात घाला.

आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. दोन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. आता घरी आहेत. पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकरने बारा पावलं, त्यातही मध्ये एकदा थांबतात. "मला काही होत नाही गं, तू जा ऑफिसला" म्हणतात आणि त्याच वेळी पलंगाचा कठडा असा धरून ठेवतात की बोटं पांढरी पडतात.

डिस्चार्जनंतर तीन दिवस मी घरी राहिले. मला वर्षाला ८० तास सिक लिव्ह मिळते, त्यातले ५६ शिल्लक होते, यंदाचे २४ माझ्याच तापात गेले. म्हणून सिक लिव्हच टाकली. पेस्टब (पगाराची स्लिप) बघितला तर २४ तास व्हेकेशनमधून कापलेले! एचआर म्हणते, सिक लिव्ह स्वतःच्या आजारासाठी असते, आणि एफएमएलए या फॅमिली लिव्हच्या कायद्यात सासू कुटुंबात धरत नाहीत. वर मॅनेजरने ऐकवलं की अशा गैरहजेरीचे पॉइंट लागतात, म्हणजे शिस्तभंगाच्या खात्यात जमा होतात.

कंपनी छोटी आहे, ३४ माणसं. मला सव्वा वर्ष झालं, फुल टाइम. पुढचे दीड-दोन महिने फिजिओथेरपी आहे, आठवड्यातून दोनदा न्यावं लागेल. कोणी यातून गेलंय का?

अर्धा कप

मुलगा कुठे आहे? सगळं सुनेनेच करायचं का?

सायली२१

येणारच होता हा प्रश्न. :) हॉस्पिटलचे पाचही दिवस तोच होता, त्याची यंदाची सिक लिव्ह त्यात संपली. नोकरी नवी आहे, चारच महिने झालेत. शिवाय अंघोळ घालायला त्यांना मीच लागते. मुलासमोर संकोचतात.

जुनी खुर्ची

सायली, तुमच्या एचआरने एक खरी गोष्ट चुकीच्या जागी सांगितली. एफएमएलए हा १९९३चा केंद्राचा कायदा. त्यात आईवडील आहेत, सासूसासरे नाहीत, हे बरोबर. पण तो खासगी कंपन्यांत ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तरच लागू होतो. तुमच्याकडे ३४. म्हणजे लागू नसलेल्या कायद्याचा दाखला देऊन तुम्हाला परत पाठवलं.

सिक लिव्ह राज्याच्या कायद्याने बघायची. कॅलिफोर्नियाच्या पगारी सिक लिव्हच्या कायद्यात, घरच्यांची काळजी घेणं हे कारण स्पष्ट लिहिलेलं आहे आणि 'पालक' या शब्दात नवऱ्याचे किंवा बायकोचे पालकही येतात. २०२४पासून वर्षाला किमान ५ दिवस किंवा ४० तास. शिवाय राज्याच्या कामगार कायद्याचं, म्हणजे लेबर कोडचं, कलम २३३, ज्याला इथे 'किन केअर' म्हणतात: कंपनी जी सिक लिव्ह देते, त्यातली निदान सहा महिन्यांत जमा होणारी रजा घरच्यांसाठी वापरता येते. तुमच्या ८० तासांचे अर्धे ४०च. तुमच्या तापात गेलेले तास कायद्याच्या ४०मधले धरायचे की नाही, असा घोळ कोणी घातला तरी २३३चे ४० घरच्यांसाठीच आहेत. ते २४ तास सिक लिव्हमध्ये वळवून मागा, मग घरच्यांसाठीच्या ४०मधले १६ उरतील.

आणि पॉइंट? कलम २३४ वाचायला द्या त्या मॅनेजरला. किन केअरची रजा शिस्तभंगाच्या हिशोबात धरणारं धोरण हेच मुळात कायद्याचं उल्लंघन आहे. तोंडी बोलू नका. ईमेल करा, तारखा घाला, दोन्ही कलमांचे आकडे घाला, बस. रागाचं एक वाक्यही नको. (माझ्या पहिल्या ईमेलमध्ये तीन होती. उत्तर फक्त त्या तिनांना आलं.)

निळा पतंग

१६ तास म्हणजे दोनच दिवस, फिजिओला कसे पुरणार? पेड फॅमिली लिव्ह घे की. आठ आठवडे घरी बस, नोकरी कुठे जात नाही.

जुनी खुर्ची

थांबा, इथे गफलत होते. पेड फॅमिली लिव्ह म्हणजे फक्त पैसे, आणि ते कंपनी नाही, राज्याचं रोजगार खातं, ईडीडी, देतं. १२ महिन्यांत ८ आठवड्यांपर्यंत, २०२५पासून पगाराच्या साधारण ७० ते ९० टक्के. पेस्टबवर सीएएसडीआय नावाची कपात दिसते ना, ती याचसाठी. पण नोकरी राखण्याची हमी त्यात नाही. ती सीएफआरए या राज्याच्या फॅमिली लिव्हच्या कायद्यात आहे: ५ कर्मचारी असले तरी लागू, १२ आठवडे, बिनपगारी. अट एक वर्ष नोकरी आणि मागच्या १२ महिन्यांत १,२५० तास काम. तुमचं दोन्ही बसतं. सासूसासरे त्यात २०२२पासून आले, तुमचं नशीब.

दोन्ही एकदम लावायचे. आणि सलग घ्यायची गरज नाही, फिजिओचे दोन दिवस तेवढे घेता येतात. डॉक्टरांकडून गंभीर आजाराचा दाखला मात्र लागेल.

नवऱ्याला सीएफआरए नाही, वर्ष झालेलं नाही. पेड फॅमिली लिव्हला नोकरीच्या वर्षाची अट नाही, पण हमीशिवाय चार महिन्यांच्या नोकरीत मी तरी आधी त्याच्या मॅनेजरशी बोललो असतो.

सायली२१

त्या व्हिजिटर व्हिसावर आहेत, त्याने काही अडतं का?

जुनी खुर्ची

नाही. नातं आणि आजारपण बघतात, पेशंटचा व्हिसा नाही. ईडीडीचा फॉर्म डीई २५०१ एफ. रजेच्या पहिल्या दिवसापासून ४१ दिवसांच्या आत भरा, आधी भरू नका. त्यात पेशंटचीही सही लागते, ते लोक विसरतात.

सायली२१

अपडेट. ईमेल सोमवारी पाठवला, बुधवारी उत्तर आलं: २४ तास सिक लिव्हमध्ये वळवले, पॉइंट काढले. सॉरी वगैरे काही नाही. सीएफआरएचा फॉर्म पाठवलाय, सर्जनच्या ऑफिसने दाखल्याला पाच दिवस मागितलेत.

सहीचं मी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "इंग्रजीत करायची की माझी?" म्हटलं, पासपोर्टवर आहे तशीच करा. सकाळपासून वहीच्या मागच्या पानावर सराव चाललाय.