मदत हवी आहे: टू व्हील ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर फोर बाय फोर करता येईल का?

आंबेवाला: गाडी टू व्हील ड्राइव्ह बोलेरो कॅम्पर. पुढे कॉइल स्प्रिंग, मागे पाटे. बागेतला चढ दोनेकशे मीटरचा, खाली जांभा आणि वर तांबडी माती. जून ते सप्टेंबर रिकामी गाडी चढत नाही, मागचं एक चाक जागच्या जागी फिरत राहतं. भंगारात फोर व्हील कॅम्परचा पुढचा अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केस (गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या चाकांनाही देणारा डबा) मिळतोय. मेस्त्री म्हणतो, आठ दिवसांत बसवून देतो. आणखी काय काय लागेल, आणि हे करावं का?

क्राऊनपिनियन: आठ दिवस फक्त खोलायला लागतील. अ‍ॅक्सल आणि ट्रान्स्फर केस म्हणजे निम्मं सामानसुद्धा नाही.

पुढून बघा. तुमच्या गाडीच्या नकलमध्ये (ज्यावर चाक बसतं आणि वळतं तो भाग) भरीव स्टब म्हणजे आखूड दांडा आहे, ड्राइव्ह शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) आरपार जायला भोकच नाही. म्हणजे नकल, हब, बेअरिंग, ब्रेकची डिस्क, सगळं फोर व्हीलचं हवं. कॉइल स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली असेल तर ड्राइव्ह शाफ्ट नेमका तिच्यावर आपटतो. म्हणून आर्म बदलायचे, आर्म बदलले की चेसिसवरचे ब्रॅकेट बदलायचे. डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा गोळा) इंजिनच्या संपखाली (ऑइलच्या भांड्याखाली) येतो, तेव्हा संप आणि पुढचा क्रॉस मेंबरही तपासा. वेल्डिंग करून ब्रॅकेट 5 मिमी जरी इकडेतिकडे झाले तर अलाइनमेंट कधीच बसत नाही आणि खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढतं.

मधला भाग: टू व्हीलच्या गिअरबॉक्सचा आउटपुट शाफ्ट आणि मागचं हाऊजिंग वेगळं असतं, त्यामुळे ट्रान्स्फर केस त्याला थेट लागत नाही. फोर व्हीलचा पूर्ण गिअरबॉक्सच घ्या. त्याचा मागचा माउंट, लिव्हर, पुढचा प्रोपेलर शाफ्ट (डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा), लांबी बदललेला मागचा शाफ्ट, स्पीडोमीटरचा गिअर आणि वळवलेला सायलेन्सर पाइप हे ओघानं आलंच. मागचा शाफ्ट कापून जोडलात तर बॅलन्स केल्याशिवाय बसवू नका, आणि दोन्ही टोकांचे योक (सांध्याचे दोन फाट्यांचे तुकडे) एका रेषेत ठेवा. योक फिरले की गाडी थरथरते आणि क्रॉस (सांध्यातला अधिकच्या आकाराचा तुकडा) लवकर जातात.

लालमाती: +१. पण सगळ्यात आधी दोन्ही डिफरन्शियलचा रेशो (क्राऊनच्या एका फेऱ्याला शाफ्ट किती फिरतो ते) मोजा, पैसे नंतर द्या. मागचं एकच चाक जॅकवर घ्या, बाकीच्या चाकांना ठोकळे लावा, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. उचललेलं चाक बरोबर 20 फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. दुसरं चाक थांबलेलं असल्यामुळे हे क्राऊनचे (डिफरन्शियलमधल्या मोठ्या गिअरचे) 10 फेरे होतात. शाफ्ट 41 वेळा फिरला तर रेशो 4.1, 43 वेळा फिरला तर 4.3. भंगारातल्या अ‍ॅक्सलचंही एक टोक बांधून असंच मोजता येतं.

आंबेवाला: मोजलं. माझ्या मागच्या डिफरला 41, तिकडच्या पुढच्याला 43. एवढ्यानं काय होतं?

लालमाती: फरक जवळपास पाच टक्के. किलोमीटरमागे पुढची आणि मागची चाकं पन्नासेक मीटरनं एकमेकांच्या पुढेमागे जायला बघतात. चिखलात चाक घसरून तेवढं भागतं, जांभ्यावर किंवा डांबरावर भागत नाही. ताण आत साठतो, लिव्हर अडकतो आणि शेवटी ट्रान्स्फर केसची चेन किंवा शाफ्टचा क्रॉस तुटतो. एका बाजूची क्राऊन-पिनियनची जोडी बदलावीच लागेल. जोडीच हं, एकटं पिनियन (क्राऊनला फिरवणारा छोटा गिअर) नाही; शिवाय शिम (पातळ चकत्या) लावून बॅकलॅश (दात्यांमधली फट) जमवणारा माणूस हवा. त्या अ‍ॅक्सलवाल्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सलही मिळाला तर उत्तम, दोघांचे रेशो मुळात जुळलेले असतात. चारही टायर एकाच मापाचे हवेत, झिजही सारखीच.

कागदपत्र: कायद्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम 182अ(4) खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विम्याच्या दाव्यावरही वाद होईल. फोर व्हीलची चेसिस खाली घालून वर आपला नंबर ठेवायचा विचार तर मुळीच नको. गाडीची ओळख म्हणजे चेसिसवर ठोकलेला नंबर.

क्राऊनपिनियन: माझं स्पष्ट मत, हे करू नका. कंपनीनं फोर व्हील कॅम्पर बनवलेली आहे. नीट कागदपत्रांची जुनी मिळाली तर आपली विकून ती घ्या, यापेक्षा स्वस्तच पडेल.

तोवर त्या चढाचं बघू. एकच चाक फिरतंय, म्हणजे दोष पकडीचा आहे, ताकदीचा नाही. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो. हौद्यात मागच्या अ‍ॅक्सलच्या बरोबर वर रेतीची 40 किलोची चार पोती ठेवा आणि दोरीनं घट्ट बांधा. पोती अगदी फाळक्याजवळ ठेवलीत तर पुढचं टोक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. मागे मूळ मापाचेच जाड नक्षीचे टायर घाला. चढापुरती मागची हवा 20 पीएसआयवर आणा, गाडी सावकाश चालवा आणि रस्त्याला लागण्याआधी पंपानं परत भरा. भरल्या गाडीला हवा कमी करू नका, टायरची बाजू फाटते.

आंबेवाला: आणि मागच्या डिफरला लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा)?

क्राऊनपिनियन: चालेल, पण कंपनीच्या पार्ट नंबरनं तुमच्या मॉडेलला लागू आहे का ते आधी विचारा. बाहेरचा घेत असाल तर अ‍ॅक्सल शाफ्टचे दाते आणि क्राऊनच्या बोल्टांची संख्या मोजून घ्या. थारमधला निघालेला आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नका. आधी पोती आणि टायर करून बघा.

आंबेवाला: अ‍ॅक्सलवाल्याला नाही म्हणून कळवलं. टायरचं माप 215/75 आर 15 आहे, याच मापात जाड नक्षी शोधतोय.