हेम्पला मराठीत काय म्हणायचं? ताग, अंबाडी, भांग की हेम्पच?

हळकुंड
एका लांबलचक लेखाचं भाषांतर करतेय. लेखाची मागणी दुपदरी आहे. पहिली म्हणजे गांजावरची बंदी उठवा. चोरट्या व्यापाऱ्यांच्या खिशात जाणारा पैसा कराच्या रूपानं सरकारकडे येऊ दे, चिमूटभर मालापायी पोरांची आयुष्यं कोर्टकचेरीत जायला नकोत. दुसरी मागणी अशी की त्याच झाडाची नशा न आणणारी वाणं शेतकऱ्याला लावू द्या. त्यातून कापड, दोर, कागद, बियांचं तेल, चुन्यात कालवून घराच्या भिंतीसुद्धा. पहिल्या भागात 'गांजा' लिहिलं की काम भागतं. दुसऱ्या भागात पानोपानी 'हेम्प' आहे आणि मी तो तसाच ठेवला होता. मजकूर तपासणाऱ्या गृहस्थांनी सगळीकडे 'ताग' करून पाठवलंय, वर शेरा, "मराठी शब्द असताना उसनवारी कशाला?" आता एक वाक्य असं झालंय: 'तागाच्या लागवडीवरील बंदी तत्काळ उठवावी.' आमच्या शेजारच्या काकांनी (मिरज तालुका) खोडवा मोडून नुकताच ताग विस्कटलाय. त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले, "म्हंजे आता मला धरून नेत्यात का काय?"
कोशात बघावं तर हेम्पपुढे ताग, अंबाडी, सण, भांग अशी सगळी पंगत बसवलेली. कुठला घेऊ?

माणदेशी
ताग अजिबात नको ताई. आमच्याकडं ताग म्हणजे बोरू. पिवळी फुलं, शेंग वाळली की खुळखुळ्यागत वाजती. मुळाला गाठी असतात म्हणून फुलावर आला की नांगरून गाडायचा, पुढच्या उसाला खत. गांजाच्या झाडाशी त्याचं कसलंच नातं नाही. आणि शाळेच्या भूगोलातला ताग तिसराच, बंगालचा, ज्याची पोती होतात. एकाच शब्दावर आधीच दोन झाडं लटकलीत, तिसरं कशाला टांगताय?

शब्दखुळा
तपासनिसांचा मुद्दा तत्त्वतः बरोबर, शब्द चुकला. हेम्प म्हणजे भांग, विषय संपला. संस्कृत भङ्गा. पाणिनी शेतांची नावं कशी करायची ते सांगतो तिथं तीळ, माष, उमा म्हणजे जवस, यांच्या रांगेत भङ्गा बसलेली आहे. भङ्गेच्या शेताला 'भाङ्गीन' किंवा 'भङ्ग्य' म्हणायचं. म्हणजे पाणिनीच्या काळी हे राजरोस शेतातलं पीक होतं, चोरून लावायचं झाड नव्हे. इतका जुना शब्द घरात असताना 'हेम्प' लिहिणं हा निव्वळ आळस आहे.

वाळव्याची सून
अंबाडी का नको? आमच्या सासऱ्यांच्या हातचे दोर अंबाडीच्या वाखाचेच असायचे. ज्वारीच्या कडेनं अंबाडी पेरायची, कापून पेंढ्या बांधायच्या आणि ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दाबून ठेवायच्या. आठवड्यानं तो वास जो सुटतो तो लिहून सांगता येत नाही, जेवण जात नसे. मग साल सुटली की एकेक काडी धरून बुडख्याकडून ओढायची, पांढराफेक वाख हातात आणि काडी वेगळी. धुऊन, वाळवून, मांडीवर पीळ. कासरा, दावं, शिंकाळं, सगळं त्यातून. कोवळी होती तोवर पाल्याची भाजी, ज्वारीच्या कण्या घालून, वरून लसणीची फोडणी. असं गुणी झाड सोडून तुम्ही गांजाच्या मागं का लागलाय कळत नाही.

हळकुंड
काकू, लेख गांजाच्या झाडाबद्दल आहे हो. अंबाडीवर कुणी बंदी घातलेली नाही!

वाळव्याची सून
तेच तर म्हणतेय. बंदी नसलेलं चांगलं झाड आहे की.

खुरपं
अंबाडीचा संबंध मात्र आहे, नावापुरता. तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्द 'कॅनाबिनस', म्हणजे गांजासारखी. कारण पान. पाचसहा बोटांचं, कातरलेल्या कडांचं. आमचा एक भाचा मुंबईहून आला होता, परसातल्या अंबाडीशेजारी उभा राहून त्यानं फोटो काढला आणि 'मामाची गांजाची शेती' म्हणून सगळ्या ग्रुपवर टाकला. मामीनं त्याच अंबाडीची भाजी त्याला रात्री वाढली. इंग्रजांनीही हाच घोळ घातला. दोर ज्याचा होईल ते सगळं हेम्प. अंबाडीला 'डेक्कन हेम्प', बोरूला 'सन हेम्प'. आपल्या कोशांत ती पंगत बसली ती इथून.

कराडचा वकील
शब्दखुळा, 'भांग' लिहून विषय संपत नाही, तिथून सुरू होतो. १९८५ चा जो अमली पदार्थांचा केंद्रीय कायदा आहे (पोलिसांच्या तोंडी एनडीपीएस), त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलाफळावर आलेले शेंडे. बी आणि पानं शेंड्यांशिवाय असतील तर ती गांजात मोडत नाहीत. ही सुटी पानं म्हणजे भांग. म्हणून उत्तरेत काही ठिकाणी भांगेची सरकारमान्य दुकानं दिसतात. पण आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा पानांनाही हात घालतो, त्यामुळे काशीला चालतं म्हणून सांगलीला चालेल असं समजू नका. सांगायचा मुद्दा, मराठी वाचक 'भांग' म्हटलं की झाड समजत नाही, होळीची थंडाई समजतो.
आणखी एक गंमत. त्या कायद्याच्या इंग्रजी मसुद्यात व्याख्येचं नावच 'कॅनबिस', आणि कंसात 'हेम्प'. खाली चरस आणि गांजा. म्हणजे आपल्या कायद्यात हेम्प हा नशेच्या मालाचा शब्द आहे, आणि तुमच्या लेखात तोच नशा नसलेल्या वाणाचा.
ताई, लेखातली 'बंदी उठवा' ही मागणीही आपल्याकडे जशीच्या तशी बसत नाही. कलम १४ प्रमाणे धागा किंवा बी काढण्यासाठी सरकार लागवडीला परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडनं २०१८ मध्ये तसा परवाना दिलासुद्धा. बियांचं तेल, पीठ हे खाद्य म्हणून २०२१ पासून मान्य आहे. तेव्हा हेम्पपुरतं 'परवाने द्या' म्हणा. विनापरवाना लावलंत तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे, तिथं मी हेम्प लावलं होतं हे सांगून जामीन मिळत नाही.

बारदान
मार्केट यार्डात आयुष्य गेलं, हेम्प हा शब्द एकदाही ऐकला नाही. बारदान, सुतळी, गोणपाट. पण उसनवारीचं म्हणाल तर इंग्रजांनी 'गनी' हा शब्द आपल्या गोणीवरून उचलला आणि कॅनव्हास हा मुळात कॅनबिसवरून आला. शब्दांचा हा बाजार दोन्हीकडून चालू आहे. हेम्प लिहा आणि मोकळ्या व्हा.

शब्दखुळा
बारदानशेठ, याच न्यायानं उद्या हळदीला 'टर्मरिक' लिहा.

बारदान
पॅकेटवर लिहितातच. खपतं पण जास्त.

चिलीम नको
मला या सगळ्या प्रकरणाचीच भीती वाटते. मराठीनं या झाडाबद्दल काय मत बनवलंय ते शब्दांतच आहे. गांजेकस, गंजडी, भंगड. एकही शब्द कौतुकाचा नाही. चांगल्या घरात वाईट निघाला तर तुळशीत भांग. आमच्या गल्लीत एक चुलता होता, हुशार, गवंडीकामात त्याचा हात धरणारा नव्हता. ओलं फडकं चिलमीला गुंडाळून देवळामागं बसायचा. शेवटी ओळंबा धरला की हात थरथरायचा. तुम्ही परदेशातले दाखले द्याल, उरुग्वेनं २०१३ ला मोकळं केलं, कॅनडानं २०१८ ला. तिथल्या सरकारांनी वय, दुकान, प्रमाण सगळं बांधून घातलंय. इथं गुटखा बंद आहे आणि टपरीवर मिळतो.

हळकुंड
दादा, गुटख्याचं उदाहरण तर लेखकाच्या बाजूचं आहे. बंदी असून मिळतो, कर मात्र बुडतो.

चिलीम नको
कर घेऊन चुलता परत येतो का?

कराडचा वकील
इथं पुन्हा शब्दाचाच घोटाळा आहे. 'कायदेशीर करणे' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात. ओढणाऱ्याला गुन्हेगार न मानणं ही एक, औषधाला मोकळीक ही दुसरी, आणि दुकानात विक्री ही तिसरी. माणूस एकीच्या बाजूचा असतो आणि भांडतो तिसरीवर. २०२० च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या आयोगानं कॅनबिस सर्वांत कडक यादीतून काढला, भारतानं बाजूनं मत दिलं. लगेच 'भारताचा गांजाला पाठिंबा' अशी बोंब उठली. ते औषधी उपयोगापुरतं होतं. त्याच झाडातल्या कॅनाबिडिऑल या घटकाच्या औषधाला अमेरिकेत २०१८ साली लहान मुलांच्या अवघड अपस्मारासाठी मान्यता मिळाली, आणि त्यानं नशा येत नाही.

माणदेशी
औषधाचं डॉक्टर बघतील. शेतीचं बोला. आमच्या भागात पाऊस नाही, बांधावर घायपात सोडून काही तग धरत नाही. कुणी हेम्प कमी पाण्यात येतं म्हणतंय. येत असेल तर लावू, नाव काहीही ठेवा. भांगलणीला बायका मिळत नाहीत, आणि म्हणे हेम्प दाट पेरलं की तण उठूच देत नाही.

खुरपं
कापसापेक्षा कमी पाणी हे खरं, पण कमी म्हणजे शून्य नव्हे. उगवताना ओल लागतेच, आणि धाग्यासाठी वाढायला खोल, निचऱ्याची जमीन. मुरमाड माळावर गुडघ्याएवढं होऊन बसेल. दाट पेरलं की तण दबतं, हे बरोबर. आणि वाख काढायला अंबाडीसारखंच कुजवावं लागतं, ते पाणी कुठून आणणार? शिवाय माल घेणारी गिरणी जवळ नसेल तर पेंढ्या काय शेकोटीला?
लोकांची शंका असते की हेम्पच्या आडून गांजा लावतील. लावला तर त्याचंच नुकसान. गांजावाला नर झाडं उपटून टाकतो, मादीला बी धरू देत नाही. शेजारी हेम्पचं शिवार असलं की परागांनी सगळ्या माद्या बियांनी भरतात, माल पडतो. उसाच्या फडात लपवलेली झाडं पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या आपल्या भागात अधूनमधून येतातच. असल्या गांजावाल्यांना हेम्पचं शेत हा उलट शत्रू.
आता वाण कुठला नशेचा आणि कुठला नाही? नशेचा घटक ०.३ टक्क्यांच्या आत असला तर हेम्प, असं उत्तराखंडपासून अमेरिकेपर्यंत धरतात. ही रेघ १९७६ च्या एका वनस्पतिशास्त्रीय वर्गीकरणातून आली. झाड एकच, जात एकच. परदेशात रेघ टक्क्यांवर ओढलीय, आपल्या केंद्रीय कायद्यानं झाडाच्या अवयवांवर. म्हणून एक शब्द सापडत नाही, सापडणारही नाही.

शब्दखुळा
शब्द सापडत नाही असं नाही, वापरायची लाज वाटते. कुमाऊँत भांगेच्या बियांची चटणी घरोघर होते, कुणाला झिंग येत नाही आणि कुणाला शरमही वाटत नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात याच झाडाचे तुकडे मिसळलेले सापडले, २०१६ मध्ये त्यावर शोधनिबंध आला. हा गिलावा पंधराशे वर्षं टिकला त्यामागं त्याचा हात असावा असं अभ्यासक म्हणतात. तुमच्या लेखातल्या चुन्याच्या भिंतींना महाराष्ट्रातला दाखला आयता आहे, ताई. तिथं काय लिहाल, 'वेरूळचा हेम्पमिश्रित गिलावा'? 'धागेभांग' म्हणा. किंवा 'वाखभांग'.

बारदान
वाखभांगेचा सदरा घालून लग्नाला गेलो तर वरातीत पहिलं मलाच नाचवतील.

नागपूरकर
मधेच विचारतो. माणदेशींनी 'भांगलण' लिहिलं ते काय? आमच्याकडे निंदण. भांगलण म्हणजे मुळात भांग उपटणं तर नव्हे? इंग्रजीत गांजाला 'वीड' म्हणतात, आणि वीड म्हणजे तण. दोन्ही भाषांत सारखंच निघालं की!

शब्दखुळा
ओढूनताणून. भांगलण हे केसांच्या भांगावरून असावं. पिकाच्या दोन ओळींत खुरपं फिरलं की रानात भांग पाडल्यासारखा दिसतो. केसांचा भांग पुल्लिंगी, प्यायची भांग स्त्रीलिंगी, शब्दच वेगळे.

वाळव्याची सून
भांगलताना उकिडवं बसून कंबर मोडते म्हणून 'भंग'. ज्यांनी केलंय त्यांना विचारा.

खुरपं
काकूंच्या व्युत्पत्तीला माझं मत. आणि केसांचंच म्हणाल तर अंबाडा हा अंबाडीवरूनच आला असणार. वाखाची गुंडी बघा, हुबेहूब बाईचा अंबाडा.

शब्दखुळा
पुरावा?

खुरपं
डोळे.

हळकुंड
माझी मुदत जवळ आलीय. सध्या पहिल्यांदा येईल तिथं 'नशा न आणणारी भांग, म्हणजेच हेम्प' असं लिहून पुढं हेम्प चालवतेय. तपासनीस पुन्हा ताग करतील ही भीती आहेच.

कराडचा वकील
'नशा न आणणारी' ऐवजी 'धाग्या-बियांसाठीची' लिहा. कलमाशी जुळेल.

शब्दखुळा
माझा निषेध नोंदवून ठेवा.

माणदेशी
काकू, तुमच्या सासऱ्यांनी मोटेचे दोर पण अंबाडीचेच वळले होते का? आमच्यात नाडा घायपाताचा असायचा, पाण्यात लवकर कुजतो म्हणून म्हातारा शिव्या घालायचा.

वाळव्याची सून
नाडा अंबाडीचा, जाड, चौपदरी. सोंदूर बारीक, तो बोरूचा. सोंडेचा दोर म्हणून सोंदूर.

नागपूरकर
सोंदूर म्हणजे?

बारदान
त्याला वेगळा धागा काढा, मोटेवर आलात तर इथं दोनशे प्रतिसाद होतील. आणि काकू, सोंदूर बोरूचा नसायचा, तागाचा असायचा.

माणदेशी
अहो शेठ, बोरू म्हणजेच ताग. वर काय लिहिलंय मी?