मदत हवी आहे: जुना डीएसएलआर, डी५३०० की ७०डी? शनिवारच्या आत सांगा

शापोराकाठी
नमस्कार. सेकंडहँड कॅमेरा घ्यायचा आहे. दोन समोर आहेत, निकॉन डी५३०० आणि कॅनन ७०डी. दोन्ही मॉडेलं २०१३ची. पहिला म्हापशाला एकाकडे आहे, दुसरा मडगावला. दोघेही शनिवारपर्यंत थांबतो म्हणालेत. बहुतेक फोटो रात्रीचेच काढायचे आहेत. मोबाइलवर काढून कंटाळलो, सगळं काळंमिट्ट नाहीतर पांढरंफट्ट येतं. एकच नाव सांगा. "गरजेवर अवलंबून आहे" हे उत्तर सगळीकडे वाचून झालंय.

खाजन
बजेट किती? सोबत लेन्स कुठली? शटर काउंट, म्हणजे आजवर किती फोटो काढलेत, ते विचारलात का? घरात आधीची काही लेन्स आहे का?

रानवाट
रात्रीचे म्हणजे आकाशाचे ना? मग बॉडीपेक्षा (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) ट्रायपॉडवर खर्च करा. चोर्ला घाटात चढून गेलं की किनाऱ्यावरच्या दिव्यांचा उजेड बराच कमी होतो. शटर किती सेकंद उघडं ठेवायचं ते काढायला ५००ला फोकल लेंथने (लेन्सवरचा मिमीचा आकडा) भागायचं, पण क्रॉप म्हणजे लहान सेन्सर असल्यामुळे आधी ती दीडपट करायची. १८ मिमीला साधारण १८ सेकंद येतात. त्यापेक्षा जास्त वेळ ठेवलंत तर तारे लांबट दिसतात. अमावास्येच्या आसपास जा, आणि पावसाळा संपल्याशिवाय जाऊच नका.

मांडवीपार
७०डी घ्या. सेकंदाला ७ फ्रेम. मी ६ वर्षं वापरतोय. चोडणला सलीम अली अभयारण्यात खंड्या पाण्यात सूर मारतो तो क्षण ह्याच कॅमेऱ्याने मिळाला. रायबंदरहून पहाटेची फेरीबोट पकडायची आणि भरती कधी आहे ते आधी बघून निघायचं. ओहोटीला पक्षी चिखलावर येतात, पण होडी आत जात नाही.

निवांत
आजच्या काळात डीएसएलआर कशाला? मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला, घ्या. व्ह्यूफाइंडरमध्ये दिसतं तसंच फोटोत येतं, आणि शटरचा आवाज शून्य.

शापोराकाठी
आकाश नाही, पक्षी नाहीत! रात्रीचे म्हणजे कालो. रात्रभर चालणारं दशावतारी नाटक. रविवारी आमच्या गावात आहे, म्हणून घाई. बजेट २५ हजार, मिररलेस त्यात बसत नाही. किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी साधी लेन्स) दोन्हींसोबत मिळते. मामांची एक जुनी निकॉनची ५०ची लेन्सही घरात आहे, ती लागेलच. आता सांगा.

खाजन
थांबा. त्या लेन्सच्या कडेला जे लिहिलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. आणि तिला ॲपर्चरची, म्हणजे प्रकाशाचं छिद्र लहान-मोठं करणारी, रिंग आहे का?

रानवाट
अरे वा, कालो! लहानपणी चादर पांघरून पहाटेपर्यंत बसायचो. दहीहंडी फुटली की आजी उठवायची. हल्ली पुष्कळ ठिकाणी रात्री २ला गुंडाळतात म्हणे. तुमच्याकडे अजून पहाटेपर्यंत चालतो का?

शापोराकाठी
चालतो, पहाटेपर्यंत.
लेन्सवर "एएफ निक्कोर ५० मिमी १:१.८ डी" असं आहे. रिंग आहे. मामा फिल्मच्या कॅमेऱ्यावर वापरायचे. ह्याचा काय संबंध?

खाजन
सगळाच संबंध आहे. ह्या लेन्समध्ये फोकसची मोटार नाही. बॉडीत मोटार असते आणि ती एका छोट्या स्क्रूने लेन्स फिरवते. डी५३००मध्ये ती मोटारच नाही. लेन्स बसेल, फोटोही निघतील, पण फोकस हाताने करावा लागेल. कॅननवर तर ती थेट बसणारच नाही. निकॉनच्याच डी७०००, डी७१०० आणि डी७२०० ह्या तिन्हींत मोटार आहे. तुमच्या दोन्ही पर्यायांवर काट मारा.

मांडवीपार
हाताने फोकस केला तर बिघडलं कुठे? पूर्वी लोक तसंच करत होते. एका लेन्ससाठी हाती आलेला ७०डी सोडायला सांगतोस? कॅननची ५०ची १.८ एसटीएम स्वस्त आहे, ती घेतील.

खाजन
पूर्वीच्या कॅमेऱ्यांत फोकससाठी दुभंगलेली काच असायची. डी५३००चा व्ह्यूफाइंडर लहान आणि काळोखा आहे. १.८ला सहा-सात फुटांवरचा चेहरा टिपायचा तर फोकस जरा चुकला की डोळे धूसर अशी गत होते. कालोत माणूस एका जागी उभा राहत नाही रे. ७०डी वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. पण ज्याच्या घरात ही लेन्स पडून आहे, त्याने दुसरी विकत का घ्यायची? किट लेन्स ५५ मिमीला ५.६च्या पुढे उघडत नाही. ही १.८ आहे, आकडा लहान तितकं छिद्र मोठं. जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो. कालोचे फोटो काळे येऊ नयेत तर उत्तर ह्यात आहे.

मांडवीपार
मान्य. पण मग डी७१०० घ्या, डी७२००ला जादा पैसे नकोत. सेन्सर दोन्हींचा २४ मेगापिक्सेलच.

खाजन
मेगापिक्सेल सारखे आहेत, सेन्सर सारखा नाही. डी७१००च्या फोटोत सावल्या उजळल्या की आडव्या रेघा दिसायला लागतात. शिवाय रॉमध्ये (प्रक्रिया न केलेल्या मोठ्या फाइलींत) पाच-सहा फ्रेम झाल्या की तो अडखळतो. आता संकासुराचा, दशावतारातल्या त्या राक्षसाचा, विचार करा. वरपासून खालपर्यंत काळे कपडे, मागे काळोख, आणि चेहऱ्यावर ती लाल जीभ. तिथे सावल्या उजळाव्याच लागतात. २०१५चा डी७२०० उणे ३ ईव्ही (उजेडाचं माप) इतक्या कमी उजेडातही फोकस पकडतो, डी७१०० उणे २पर्यंतच. पैसे कमी पडत असतील तर सरळ २०१०चा डी७००० घ्या. १६ मेगापिक्सेल, पण सावल्या स्वच्छ.

निवांत
आणि मध्येच खाडखाड शटर? नाईक (नाटकाचा सूत्रधार) गणपतीची आळवणी म्हणतोय आणि तुम्ही पुढच्या रांगेत. म्हणून मिररलेस म्हणत होतो.

खाजन
डी७०००पासून पुढच्या तिन्हींत वरच्या चकतीवर "क्यू" म्हणजे हळू आवाजाचा मोड आहे. आवाज पूर्ण जात नाही, पण पखवाज-झांज चालू असताना कुणाला ऐकू येत नाही. मिररलेसच्या बिनआवाजी शटरला एलईडी दिव्यांखाली बरेचदा पट्टे येतात.

कुळागर
सगळे बॉडीवर भांडताय, बुरशीचं कुणी बोलत नाही. मामांची लेन्स किती वर्षं कपाटात आहे? आपल्याकडे जून ते सप्टेंबर चामड्याच्या पिशवीत ठेवलेली लेन्स वाचत नाही. माझी ३०० मिमी एका पावसाळ्यात गेली. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पसरलं होतं, साफ केल्यावरही काचेच्या थराला डाग राहिले. हवाबंद डब्यात सिलिका जेल घाला, रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. तांदूळ घालू नका, त्याचा भुगा आत जातो. आणि लेन्सच्या मागून टॉर्च मारून आधी बघा.

शापोराकाठी
फोंड्याला एक डी७२०० मिळाला. नुसती बॉडी, २४ हजार, शटर काउंट ४१ हजार. आत्ता त्याच्याच अंगणात बसून लिहितोय. मामांची लेन्स लावली तर स्क्रीनवर "एफईई" असं लुकलुकतंय आणि शटर दाबलं जात नाही. विकणारा म्हणतो तुमची लेन्स खराब आहे. आधारकार्डाचा फोटो मागतोय तो निराळाच विषय. घेऊ की परत जाऊ? लवकर सांगा.

मांडवीपार
आधारकार्ड देऊ नका. पावतीवर बॉडीचा नंबर लिहून दोघांनी सह्या करा, तेवढं बस.

खाजन
लेन्सची रिंग २२वर फिरवा. नारिंगी आकडा तोच. शेजारी छोटं कुलूप आहे ते सरकवा. मग ॲपर्चर कॅमेऱ्याच्या पुढच्या चकतीने बदलायचं.

शापोराकाठी
गेलं! फोकसही खर्रकन पकडतोय. घेतला.

खाजन
छान. रविवारी स्पॉट मीटरिंग ठेवून, म्हणजे एका ठिपक्यापुरता उजेड, चेहऱ्यावर मोजा, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ३२००पर्यंत बिनधास्त जा. युद्धाच्या प्रवेशाला शटर १/२०० सेकंद. एलईडीमुळे पट्टे दिसले तर १/१००वर या, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फ्लॅश बंद. नटाच्या डोळ्यांवर तो कधीच मारू नका.

कुळागर
टॉर्च मारून बघितली का लेन्स?

शापोराकाठी
बघितली. अगदी कडेला पांढऱ्या धाग्यासारखं काहीतरी आहे, नखाएवढं. मधोमध स्वच्छ.

कुळागर
मग रविवारी खुशाल वापरा, फोटोत दिसणार नाही. पण सोमवारी साफ करायला द्या, आणि तोवर दुसऱ्या कुठल्याही लेन्सच्या पिशवीत तिला ठेवू नका.