एफ कॉर्ड वाजतच नाही, बोटांत ताकद कमी पडते का?

पूर्वभागवाला
नमस्कार. अशोक चौकाजवळ राहतो. शेजारी यंत्रमाग, म्हणून रियाज रात्री माग थांबल्यावर. सी, जी, डी, ए मायनर बसलेत. एफ (तर्जनी सगळ्या तारांवर आडवी टाकून) धरली की निम्म्या तारा मुक्या, आणि मनगट भरून येतं. रोज रबरी बॉल दाबू का? गिटार अकूस्टिक, तारा दुकानातून आल्या त्याच.

सातरस्ता_गिटार
बॉल राहू द्या, आधी गिटार बघा. मी पोरांना शिकवतो. एफवर कुणी अडलं की पहिल्यांदा नट, म्हणजे मानेच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी, तपासतो. तिसऱ्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तार दाबून धरा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. केसाएवढी हवी. मग पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबणारा चिमटा) लावून तोच आकार एक घर पुढे धरा. एकदम हलका वाटला तर नटच्या खाचा उंच आहेत. घरी घासू नका, जास्त घासलं की मोकळी तार झणझणते.

आता हात. तर्जनी सपाट नको, अंगठ्याकडची कड टेकवा, फ्रेटला अगदी चिकटून. आणि सगळ्या तारा तिनं दाबायच्याच नसतात की ओ! पाचवी, चौथी, तिसरी (पहिली सगळ्यात बारीक, सहावी सगळ्यात जाड) बाकीची बोटं सांभाळतात. तर्जनीकडे फक्त सहावी, दुसरी, पहिली. हे कळलं की निम्मा जोर आपोआप कमी होतो. सुरुवात पाचव्या फ्रेटवर करा, तिथं याच आकाराची ए कॉर्ड होते. मग एकेक घर नटकडे या. मनगट दुखलं की लगेच थांबा, दुखण्यावर रियाज रेटू नका.

जुळे_सोलापूरकर
तारा बाराच्या, म्हणजे जाड, असतील तर पातळ, दहाच्या किंवा अकराच्या टाका, बोटांना फार फरक पडतो. आणि गिटार पत्र्याखाली उघडी ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड आक्रसतं, फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात.

पूर्वभागवाला
कॅपो लावून बघितलं. खरंच हलकं झालं! पाचवी सोडून सगळ्या तारा बोलल्या. उद्या नट दाखवायला नेतो.

सातरस्ता_गिटार
छान! पाचवी अनामिकेची. ती आडवी पडत असणार, टोकावर उभी करा. नट होईस्तोवर फक्त खालच्या चार तारांची (पहिली ते चौथी) छोटी एफ वाजवा, गाणी अडणार नाहीत.